मागची गल्ली : मराठी महानगरी साहित्यातील एका अवकाशाची चिकित्सा

प्रस्तावना :

साठोत्तरी मराठी साहित्याच्या चर्चेत 'महानगर' ही संज्ञा जितक्या सैलपणे वापरली गेली, तितक्या सैलपणे फार थोड्या संज्ञा वापरल्या गेल्या असतील. चाळ, झोपडपट्टी, नाका, फुटपाथ, गल्ली, बोळ या सर्वांना 'महानगरी अनुभव' या एकाच शीर्षाखाली घालून समीक्षा पुढे निघून जाते. वस्तुतः यांतील प्रत्येक जागेला स्वतःचा इतिहास आहे आणि त्या जागेत कोणी कोणत्या बाजूने प्रवेश करावा याचे संकेतही आहेत. प्रस्तुत लेखात यांपैकी एकाच जागेचा, शहरातील मागच्या गल्लीचा, विचार केला आहे.

मागच्या गल्लीला आकर्षण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. राजरस्त्यावर शहर आपला दर्शनी भाग मांडते. गल्लीत त्याची पाठ दिसते. दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींमुळे तेथे भर दुपारीही सावली असते. वाळत घातलेले कपडे, फोडणीचा वास, उंबरठ्यावर बसून चाललेले निवडणे-टिपणे, भिंतीवर खडूने काढलेल्या यष्ट्या आणि 'गल्ली क्रिकेट' या नावाने सर्वत्र रूढ झालेला खेळ, हे सारे तेथे मोकळेपणाने वावरते. समोरच्या दाराशी माणसे जे बोलत नाहीत ते मागच्या दाराशी बोलतात. पुण्याच्या जुन्या पेठांत तर 'पंतसचिवांची पिछाडी' असा शब्द थेट पत्त्यातच येऊन बसला. विदर्भात घरामागच्या वा घराच्या कडेच्या जागेला 'सांदवाडी' म्हणतात. त्या शब्दातही सांद, म्हणजे फट, आहेच. जेथे घराची शिस्त संपते आणि रस्त्याची शिस्त अद्याप सुरू होत नाही, अशी ही फट आहे. लेखकाला ती खुणावते यात नवल नाही.

युरोपीय साहित्यविचारात या आकर्षणाला एक प्रतिष्ठित वंशावळ लाभली आहे. बोदलेरची पॅरिसविषयक कविता आणि १९२७ पासून १९४० मधील मृत्यूपर्यंत वाल्टर बेंजामिन ज्यावर काम करीत राहिला तो पॅरिसच्या छतबंद बाजारगल्ल्यांवरील अपूर्ण ग्रंथ, यांतून 'फ्लॅनर' म्हणजे शहरात निर्हेतुक भटकणारा प्रेक्षक ही कल्पना प्रस्थापित झाली. येथे एक कालक्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ओसमान याने १८५३ ते १८७० या काळात पॅरिसच्या जुन्या गल्ल्या पाडून रुंद हमरस्ते आखले. गल्लीचे सौंदर्यशास्त्र बहरले ते त्याच काळात आणि त्यानंतर. गल्ली नाहीशी होऊ लागली की ती सुंदर दिसू लागते. मराठी समीक्षेने ही कल्पना उचलली आणि अरुण कोलटकर व नामदेव ढसाळ या दोघांनाही तीच लावली. हे करताना एक गोष्ट निसटली. फ्लॅनर हा असा मनुष्य आहे की ज्याला कोणी 'तू कोण, इकडे कोठून आलास' असे विचारीत नाही. भारतीय शहरातील गल्लीत हा प्रश्न विचारला जातो. पुष्कळदा तो विचारण्याचीही गरज पडत नाही, कारण गल्लीची रचनाच त्याचे उत्तर देऊन ठेवते. गल्लीचे आकर्षण ज्याला तिच्यातून बाहेर पडता येते त्याला जाणवते. आणि मराठी महानगरी साहित्यातील या जागेचे चित्रण वाचताना निवेदक बाहेर पडू शकतो की नाही, हा पहिला प्रश्न असावयास हवा, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

कायद्यातील गल्ली :

साहित्याकडे वळण्यापूर्वी एका असाहित्यिक संहितेकडे जाणे आवश्यक आहे. मुंबई महानगरपालिकेचा १८८८ चा अधिनियम आणि अन्य महानगरपालिकांसाठीचा १९४९ चा अधिनियम यांत 'हाउस गल्ली' ही संज्ञा येते. इंग्रजीत लिहिलेल्या कायद्याने 'गल्ली' हा देशी शब्द जसाच्या तसा घेतला, हीच मोठी बोलकी गोष्ट आहे. बहुधा या वस्तूला त्या भाषेत नेमके नाव सापडले नसावे. व्याख्येचा आशय असा : सांडपाण्याचा निचरा होण्यासाठी, अथवा संडास, मुतारी, मैलाकुंडी यांची सफाई करणाऱ्या माणसांना तेथवर पोचता यावे यासाठी राखून ठेवलेली जमिनीची पट्टी. कायद्याच्या दृष्टीने हाउस गल्ली रहिवाशांसाठी नाही. ती सफाई करणाऱ्यांसाठी आहे.

या व्याख्येमागे टोपलीच्या संडासाची रचना आहे. घराच्या मागच्या भिंतीला खालच्या अंगास एक झरोका असे. बाहेरच्या बाजूने मेहतराने यावे, टोपली ओढून काढावी, रिकामी करून परत सरकवावी. त्याने घरात येऊ नये, पुढच्या अंगणातून जाऊ नये, शक्यतो कोणाच्या दृष्टीसही पडू नये, एवढ्यासाठी ही दुसरी वाट. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत या कामासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचे नावच हलालखोर कर असे होते. अस्पृश्यतेचा विचार करताना देऊळ, पाणवठा आणि शाळा यांचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु नगररचनेत अस्पृश्यता विटा-चुन्याने बांधून काढलेली जागा ही मागची गल्ली होय. विदर्भातील जुन्या शहरी वस्त्यांत घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या असतात आणि मधून एक चिंचोळी पट्टी जाते. तिच्यावर आता कोठे स्वयंपाकघर वाढविलेले असते, कोठे मोटारसायकल उभी असते. अतिक्रमणाची तक्रार सर्वजण करतात. ती पट्टी मुळात कोणासाठी होती हे मात्र कोणी सांगत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगची लागण झाली आणि गल्ली प्रथमच राज्यकर्त्यांच्या भयाचा विषय झाली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार न्यासाने दाट वस्त्यांतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट यांसारखे रुंद रस्ते काढले. मुंबईत ओसमान आला तो असा, रोगाच्या वाटेने. मात्र पॅरिसप्रमाणे येथे पाडलेल्या गल्लीवर विलापिका रचल्या गेल्या नाहीत. जे विस्थापित झाले त्यांच्यातील काहींसाठी न्यासाने चाळी उभारल्या, आणि अशाच एका चाळीत, परळच्या बी.आय.टी. चाळीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनेक वर्षे राहिले, हा योगायोग मराठी नगर-इतिहासात अधिक चर्चिला जावयास हवा होता.

नाक्यावरून दिसणारी गल्ली :

१९६० नंतरच्या मराठी गद्यात गल्ली आली ती प्रथम नाक्याच्या रूपाने. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका' (१९६५) मधील पोक्या आणि त्याची टोळी नाक्यावर उभी असते. नाका हा गल्लीचे तोंड. तेथून आतही पाहता येते आणि बाहेरही. पाध्ये यांची भाषा आणि पोरांचे स्त्रियांविषयीचे बोलणे यांवरून त्या काळी वादळ उठले. आचार्य अत्रे यांनी पुस्तकावर कडाडून टीका केली, आणि पुढील समीक्षेचा बराच काळ अश्लीलतेच्या आरोपाचे खंडन करण्यातच गेला. त्या खंडनाने पाध्ये यांचे भले झाले, तसे थोडे नुकसानही झाले. भाषेच्या धाडसाकडे इतके लक्ष गेले की उभे राहण्याच्या जागेकडे कोणी पाहिलेच नाही. पोक्याच्या टोळीतील पोरे बेकार आहेत, पोकळ आहेत, क्रूरही आहेत. तथापि नाका त्यांचा आहे. गल्लीतून जाणारी-येणारी मुलगी त्यांच्या नजरेतून जाते, त्यांना मात्र कोणाच्या नजरेतून जावे लागत नाही. 'वासूनाका'चा थरार या एकतर्फी पाहण्यात आहे. पाध्ये यांचे श्रेय असे की त्यांनी हे पाहणे झाकले नाही. त्याला रसिकतेचा मुलामा दिला नाही. निवेदकाबरोबर वाचकही नाक्यावर उभा राहतो आणि थोड्या वेळाने त्याला स्वतःच्या उभे राहण्याची लाज वाटू लागते. हे सामर्थ्य लहान नाही. गल्लीच्या आतल्या घरात मात्र ही कादंबरी जात नाही, आणि तिला जायचेही नसते.

जयवंत दळवी यांच्या 'चक्र' (१९६३) मध्ये लेखक आत जातो, सहानुभूतीने जातो. पण ही सहानुभूती पाहुण्याची आहे. झोपडपट्टीतील माणसे एका अटळ चक्रात फिरतात असे कादंबरीचे नावच सांगते. चक्र बाहेरून पाहणाऱ्यालाच दिसते. आत असलेल्या माणसाला पुढचा दिवस दिसतो. १९८१ मध्ये आलेल्या त्याच नावाच्या हिंदी चित्रपटात स्मिता पाटील यांनी हा पुढचा दिवस आपल्या देहबोलीतून उभा केला, हे कादंबरीच्या तुलनेत चित्रपटाचे मोठेपण म्हणावे लागेल.

कोलटकरांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. २००४ मध्ये, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झालेला 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह इंग्रजीत असला तरी द्वैभाषिक कवीचा संग्रह म्हणून त्याला मराठी चर्चेबाहेर ठेवता येणार नाही. येथे जागा गल्ली नसून चौकातील वाहतूक-बेट आहे. पण राजरस्त्याच्या मधोमध असूनही तेथे घडते ते सारे पिछाडीचे : भटकी कुत्री, रस्त्यावरची न्हाणी, फुटपाथवरचा नाश्ता, कचरा. कवीची जागा ठाऊक आहे. ती 'वेसाइड इन' या उपाहारगृहातील खिडकीजवळच्या टेबलाची. मीरा नावाच्या कवितेत झाडू मारणारी स्त्री गाडीत चढून कचरा पायांनी दाबते आणि कवीला त्यात द्राक्षे तुडविण्याची क्रिया, नृत्य, भक्ती असे सारे दिसते. कविता असामान्य आहे, यात शंका नाही. तथापि ही रूपके टेबलावरून दिसतात, हेही तितकेच खरे. कचरा तुडविणाऱ्या बाईच्या पायात काय होते, काच होती की नव्हती, हे टेबलावरून दिसत नाही. कोलटकरांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ते आपले टेबल लपवीत नाहीत. संपूर्ण संग्रहात पाहणाऱ्याचे अंतर हा एक घटकच आहे. त्यांचे अनुकरण करणाऱ्यांनी मात्र अंतर टाकून दिले आणि रूपके तेवढी घेतली. आजच्या अनेक 'शहरी' कवितांत कचरा वेचणारी स्त्री देवता होते, आणि तिचा मोबदला किती हे कधीच कळत नाही.

'गोलपिठा' आणि प्रस्तावनेची वाट :

ढसाळ यांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला. गोलपिठा हे कामाठीपुऱ्याच्या परिसरातील वस्तीचे नाव. कामाठीपुरा हे नाव तेलंगणातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले, आणि तेथील गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत : पहिली गल्ली, दुसरी गल्ली, अशा चौदाव्या गल्लीपर्यंत. जवळच्याच एका रस्त्याला युरोपीय वेश्यांमुळे 'सफेद गल्ली' हे नाव मिळाले होते. पुणे जिल्ह्यातील पूर या गावी १९४९ मध्ये जन्मलेले ढसाळ बालपणी मुंबईत आले. वडील खाटकाकडे कामाला, राहणे ढोर चाळीत. गल्ली त्यांच्या कवितेचा 'विषय' होण्यापूर्वी त्यांचा पत्ता होती.

या संग्रहाला विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना आहे, आणि ती मराठीतील गाजलेल्या प्रस्तावनांपैकी एक आहे. पांढरपेशांचे जग जेथे संपते तेथे या कवितेचे जग सुरू होते, अशी तेंडुलकरांची भूमिका. आणि आपणास न कळलेल्या शब्दांची व उल्लेखांची यादीही त्यांनी प्रामाणिकपणे दिली. तेंडुलकरांच्या हेतूविषयी संशय घेण्याचे कारण नाही. १९७२ मधील मराठी वाचकाला या कवितेपर्यंत नेण्यासाठी अशा वाटाड्याची गरजही होती. परंतु त्या प्रस्तावनेने वाचनाची एक दिशा कायमची ठरवून टाकली. वाचक शहराच्या उजेडातून निघतो, सीमा ओलांडतो, अनोळखी शब्दांचे अर्थ विचारतो आणि अंधाऱ्या प्रदेशाची सफर करून परततो. २००७ मध्ये दिलीप चित्रे यांनी केलेले ढसाळांच्या कवितांचे इंग्रजी भाषांतर छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले, तेव्हा शीर्षकात 'पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड' हे शब्द आले. चित्रे यांच्याइतका ढसाळांचा जाणता भाषांतरकार दुसरा नाही. तरीही 'अंडरवर्ल्ड' म्हटले की वर कोणीतरी उभे आहे हे गृहीत धरावे लागते.

ढसाळांची कविता स्वतः अशी सफर घडवीत नाही. तिच्या लांब, श्वास न घेणाऱ्या ओळी, मुंबईच्या हिंदी-उर्दू-मराठीची सरमिसळ, शिव्या आणि संतपरंपरेतून आलेले शब्द एकाच ओळीत येणे, या सर्वांची तुलना गल्लीतील गर्दीशी करण्याची प्रथा समीक्षेत आहे. ही तुलना सोपी आहे आणि फारशी उपयोगी नाही. गर्दीचे वर्णन करावयाचे तर तुटक ओळीही चालल्या असत्या. ढसाळांच्या ओळीचे लांब होणे हे आरोपपत्राचे लांब होणे आहे : एक कलम संपत नाही तोच दुसरे जोडले जाते. 'मंदाकिनी पाटील'सारख्या कवितेत स्त्रीकडे पाहणारा आणि स्वतःच्या पाहण्याने होरपळणारा निवेदक आहे. त्याला नाक्यावर उभे राहून पाहण्याची सोय नाही, कारण तो त्याच वस्तीत निजतो. येथे प्रस्तुत प्रतिपादनाला मर्यादा घालणारी गोष्टही मान्य करावयास हवी. बाहेर पडू शकणाऱ्यालाच गल्ली मोहक वाटते, असे म्हटले तर ढसाळांचे काय करावयाचे? त्यांच्या कवितेत गल्लीविषयी भयंकर ओढ आहे. 'कामाठीपुरा' या कवितेत तर द्वेष आणि ओढ वेगळी करता येत नाहीत. याचे स्पष्टीकरण असे देता येईल की ही ओढ मालकीची आहे. ज्या जागेने सर्व काही हिरावून घेतले ती जागा तरी आपली आहे, असा तो दावा आहे. आणि दावा सांगणाऱ्या माणसाचे प्रेम प्रेक्षकाच्या आवडीपेक्षा निराळे असते. फ्लॅनरला गल्ली सोडून जाता येते म्हणून ती आवडते. ढसाळांना ती सोडावयाची नाही. जे तिला मागची म्हणतात त्यांच्याकडून तिचा हिशेब घ्यावयाचा आहे. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, दलित पँथरची स्थापना झाली, हे या दृष्टीने पाहिले म्हणजे कविता आणि चळवळ यांच्या नात्यासाठी वेगळे प्रकरण लिहावे लागत नाही.

कावाखाना आणि गावकूस :

दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) या चर्चेत सहसा 'ग्रामीण दलित जीवन' या सदराखाली जाते. ते तसे वाचणे अपुरे आहे. या आत्मकथनात दगडूचे बालपण दोन ठिकाणी जाते : अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) गावच्या महारवाड्यात आणि मुंबईच्या नागपाडा-फोरास रोड परिसरातील कावाखान्यात. कावाखान्यातील स्त्रिया रस्तोरस्ती हिंडून चिंध्या, कागद, काच गोळा करतात. काही जणी वेश्यांच्या साड्या धुतात. पवार हे सारे ज्या स्वरात सांगतात तो स्वर येथे महत्त्वाचा आहे. त्यात काळोखाचे वैभव नाही, साहस नाही. घरखर्च आहे. कोण काय आणते, किती मिळते, कोणाला कोठे झोपावे लागते, हे तपशील आहेत. मोहक गल्लीच्या शोधात आलेल्या वाचकाची येथे निराशा होते.

महारवाडा आणि कावाखाना एकाच पुस्तकात शेजारी ठेवल्यामुळे 'बलुतं'मधून जे दिसते ते त्या काळच्या कोणत्याही महानगरी कादंबरीत दिसत नाही. दगडू गावातून शहरात येतो तेव्हा तो एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत येत नाही. गावाने ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांना शहर मागच्या बाजूस ठेवते. गावात जे काम त्यांच्या वाट्याला येत होते त्याच्याच जवळचे काम शहरात वाट्याला येते. मागची गल्ली हे गावकुसाचे शहरी रूप आहे. फरक एवढाच की गावकूस गावाच्या कडेला असते, आणि शहरात ते प्रत्येक घराच्या पाठीमागे, मोरीच्या पलीकडे, एका भिंतीच्या अंतरावर येऊन ठेपते. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा यांसारखी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. नाव बदलणे आवश्यकच होते. हाउस गल्लीच्या नावात जात नाही, त्यामुळे ती अशा कोणत्याही यादीत येत नाही.

आणि ज्याच्यासाठी ही गल्ली कायद्याने राखली, तो? मराठी महानगरी साहित्यात तो जवळजवळ नाही. नाक्यावरची पोरे आहेत, वेश्या आहेत, हमाल, गिरणी कामगार, गुंड, भिकारी आहेत. नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये तर रस्ता हीच शाळा आहे. पहाटे मागच्या झरोक्याशी येणारा माणूस मात्र आपल्या आवाजात बोलताना क्वचितच भेटतो. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे 'नरकसफाईची गोष्ट' हे पुस्तक त्याच्याविषयी आहे; पण ते शोधपर लेखन आहे आणि साहित्याच्या वर्गात ते कोणी आणीत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटात मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या कामगाराभोवती सारा खटला फिरतो, आणि तो स्वतः एकदाही पडद्यावर दिसत नाही. दिग्दर्शकाने ही अनुपस्थिती जाणीवपूर्वक वापरली. साहित्यातील अनुपस्थिती तशी जाणीवपूर्वक नाही. कोरडे संडास बांधण्यास व हाताने मैला उचलण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी घातली, २०१३ मध्ये तो अधिक कडक झाला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई तीस लाख रुपयांपर्यंत वाढविली. म्हणजे मरण अद्याप थांबलेले नाही. या कामातील माणसाविषयी मराठीत निवाडे आणि अहवाल अधिक आहेत, कथा-कादंबऱ्या फार कमी. गल्लीवरील साहित्य कितीही समृद्ध म्हटले तरी हा प्रश्न उरतोच.

चंद्रपूरच्या खिडक्या :

ही सारी चर्चा मुंबईची वाटण्याचा संभव आहे. आरमोरी, वडसा, ब्रह्मपुरी, गडचिरोली या भागातील महाविद्यालयांत महानगरी साहित्य शिकविताना प्राध्यापकांचीही हीच अडचण असते : ज्या विद्यार्थ्याने मुंबई पाहिली नाही, त्याला गोलपिठा कसा समजावून द्यावा? मग शब्दार्थ दिले जातात, कामाठीपुऱ्याची माहिती दिली जाते, प्रसंगी चित्रपटाचा आधार घेतला जातो. म्हणजे तेंडुलकरांच्या प्रस्तावनेची वाट पुन्हा चालली जाते, आणि आरमोरीच्या विद्यार्थ्याला दादर-गिरगावच्या पांढरपेशा वाचकाच्या जागी उभे केले जाते. ती त्याची जागा नाही.

त्याच्या जवळचे शहर चंद्रपूर आहे. गोंड राजांनी बांधलेल्या चंद्रपूरच्या परकोटाला चार दरवाजे आहेत : जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. त्यांशिवाय पाच लहान वाटा आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात : बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. दरवाजा आणि खिडकी हा भेद केवळ आकाराचा नाही. दरवाजातून हत्ती, निशाण, वरात, व्यापारी तांडे. खिडकीतून रोजचे जाणे-येणे, नदीकडची वाट, आणि मसाण खिडकीच्या नावाप्रमाणे शेवटची वाटही. नावे नीट वाचली तर त्यांत देव आहेत, चोर आहे आणि स्मशान आहे. शहराला ज्यांची गरज आहे, पण जे मुख्य दाराशी नकोत, त्यांची ही वाट. मुंबईच्या कायद्याने हाउस गल्लीची जी व्याख्या केली तिच्या मुळाशी असलेला विचार या खिडक्यांच्या दगडात पूर्वीच कोरलेला आहे. २०११ मध्ये चंद्रपूरला महानगरपालिका झाली आणि १९४९ च्या अधिनियमातील ती व्याख्याही खिडक्यांच्या या शहराला लागू झाली.

२०१७ मध्ये 'इको-प्रो' या संस्थेच्या पुढाकाराने या परकोटाची मोठी स्वच्छता मोहीम सुरू झाली. झाडाझुडपांत बुडालेला तट मोकळा झाला आणि त्यावरून फिरणे शक्य झाले. हे काम मोलाचे आहे. त्याच्या निमित्ताने एक निरीक्षण नोंदविता येते. तटावरून चालताना आतल्या वस्त्यांची पाठ दिसते : तटाला टेकून उभी राहिलेली घरे, त्यांच्या मोऱ्या, मागची दारे. तटावरून ते दृश्य रम्य आहे, छायाचित्र काढावेसे वाटण्याजोगे आहे. कोलटकरांच्या टेबलाची उंची येथे तटाने दिली आहे. अशा फेरफटक्यात विद्यार्थ्यांना नेले, तर तटावर चढण्याआधी त्यांना मसाण खिडकीतून एकदा पायी आत-बाहेर करावयास लावावे, आणि मग 'काळा घोडा पोएम्स' व 'बलुतं' यांतील कोणते पुस्तक वरून लिहिले आहे आणि कोणते खालून, असे विचारावे. या प्रश्नासाठी शब्दार्थांची यादी लागत नाही.

झाडीपट्टीतील विद्यार्थ्याला गावात कोणता मोहल्ला कोणत्या दिशेला असतो, कोणाच्या घरी पुढच्या दाराने जातात आणि कोणाला सांदवाडीच्या बाजूने हाक मारतात, हे कोणी शिकवावे लागत नाही. कुरखेडा-कोरची भागातून येणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्याचा अनुभव आणखी निराळा असणार. त्याच्या गावाची रचना या चौकटीत बसेलच असे नाही, आणि बसली नाही तर वर्गात तेही बोलले गेले पाहिजे. या ज्ञानाला परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत जागा नसते. 'गोलपिठ्यातील महानगरी जाणीव स्पष्ट करा' या प्रश्नाला तो टिपणांतील उत्तर लिहितो, आणि त्या उत्तरात तेंडुलकरांनी न कळल्याचे मान्य केलेले शब्द अर्थासह पाठ केलेले असतात. तेंडुलकरांना जे खरोखरच कळले नव्हते, म्हणजे मागच्या दाराशी उभे राहून हाक येण्याची वाट पाहणे, ते त्याला किंवा त्याच्या आजीला ठाऊक असते. ढसाळ शिकविताना प्रस्तावना शेवटी आणि विद्यार्थ्याच्या गावाचा नकाशा आधी, असा क्रम लावून पाहण्यास अभ्यासक्रमाची कोणतीही आडकाठी नाही.